गणपूर्ती

मागचा लेख वाचून पुण्याच्या वहिनींनी फोन केला की, "भाऊजी, आता जरा आपल्या आळीतले काही लिहा." वहिनी, माफ करा. यावेळी मी आणखीच लांब चाललो आहे, थेट नैरोबीला. पण शेवटी येणार आहे ते आपल्याच घरी.

माझा भाचा काही वर्षे नैरोबीला नोकरीला होता. परत येताना माणसे चहा-कॉफी आणतात, लाकडी जिराफ आणतात. त्याने मामासाठी आणला जुन्या मासिकांचा एक गठ्ठा. तिथल्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीग लागतात, त्यातून. "मामा, तुला कायद्याचं, राज्यघटनेचं आवडतं ना, म्हणून." मी तेहतीस वर्षे इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवले, हे त्याने लक्षात ठेवले याचेच मला कौतुक वाटले. मासिकाचे नाव 'द नैरोबी लॉ मंथली'. माझे बी.ए. मराठी माध्यमातून झालेले. इंग्रजी वाचतो, पण शब्दकोश मांडीवर घेऊन. त्यामुळे सात-आठ अंक वाचायला मला एक अख्खा पावसाळा लागला.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी डोळ्यांत भरली. प्रत्येक अंकाच्या मुखपृष्ठाचा वरचा उजवा कोपरा ब्लेडने नीट कापलेला होता. वर्गणीदार आपले नाव लिहितो ना, तेवढीच जागा. भाच्याला विचारले तर तो म्हणाला, "असेल काहीतरी, उंदराने खाल्ला असेल." उंदीर इतका सरळ रेषेत खात नाही. तो कोपरा का कापला असावा, याचा उलगडा मला पुढे वाचता वाचता झाला.

हे मासिक काढले गितोबू इमान्यारा नावाच्या वकिलाने, १९८७ साली. इमान्यारा हे मेरू भागातले. माउंट केनियाच्या उतारावरचा, चहा-कॉफीच्या मळ्यांचा तो मुलूख. हा माणूस पुढे राजकारणात गेला, दोनदा खासदार झाला. पण ते नंतर. आधी त्यांनी मासिक का काढले ते सांगायला हवे.

केनिया १९६३ साली स्वतंत्र झाला. पहिले अध्यक्ष जोमो केन्याटा १९७८ साली वारले आणि डॅनियल अराप मोई अध्यक्ष झाले. ते २००२ पर्यंत त्या खुर्चीवर होते. १९८२च्या जूनमध्ये राज्यघटनेत '२-अ' नावाचे एक कलम घुसवले गेले. त्याचा अर्थ एवढाच की देशात एकच पक्ष राहील, सत्ताधारी 'कानू'. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हवाई दलातल्या काही लोकांनी बंडाचा प्रयत्न केला, तो फसला, आणि त्यानंतर सरकारला प्रत्येक झुडपामागे शत्रू दिसू लागला. १९८८ साली पक्षाच्या उमेदवारीसाठी गुप्त मतदान घेतलेच नाही. मतदारांनी आपापल्या उमेदवाराच्या माणसामागे उघड्यावर रांग लावायची. तिथल्या भाषेत 'म्लोलोंगो', म्हणजे रांग. ज्याला सत्तर टक्क्यांहून जास्त मते, तो बिनविरोध. आता रांग मोजणार कोण? सरकारी माणूस. कित्येक ठिकाणी म्हणे आखूड रांगेचा उमेदवार लांब रांगेवाल्याला हरवून गेला! वर्गात मी मुलांना 'मतदान गुप्त का असावे' हा प्रश्न घालत असे. उत्तर पाठ असायचे, पण ते मलाही खऱ्या अर्थाने या रांगेबद्दल वाचल्यावर कळले.

त्याच वर्षी आणखी एक घटनादुरुस्ती झाली. न्यायाधीशांना पदाचे जे संरक्षण होते ते काढून घेतले, आणि फाशीची शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत पोलीस कोठडीची मुदत चोवीस तासांवरून चौदा दिवस केली. संसदेत फारशी चर्चा झाली नाही. होणार कशी, सगळे एकाच पक्षाचे.

अशा काळात या वकिलाने काय केले? सभा घेतल्या नाहीत, पत्रके वाटली नाहीत. त्यांनी न्यायालयांचे निकाल छापले. हो, निकाल. आणि हे ऐकायला जितके नीरस वाटते तितके ते नव्हते. केनियात अधिकृत निकालसंग्रह छापण्याचे काम १९८०च्या सुमारास जवळजवळ थांबलेले होते. म्हणजे न्यायालये चालू, निकाल लागत आहेत, पण काय निकाल लागला हे जिल्ह्याच्या गावच्या वकिलाला कळायची सोय नाही. कालच्या निकालाला आज न्यायाधीश बांधील असतो असे आपण म्हणतो, पण तो कालचा निकाल आहे कुठे? कोणाच्या तरी कपाटात. इमान्यारांच्या मासिकाने ही उणीव भरून काढली. त्यामुळे झाले असे की पुढे केनियातल्या कायद्याच्या पुस्तकांत, एवढेच काय परदेशी प्राध्यापकांच्या लेखांतही, त्या काळातल्या महत्त्वाच्या खटल्यांचा दाखला द्यायचा तर या मासिकाचा अंक आणि पान द्यावे लागते. एक खाजगी मासिक देशाचे दप्तर होऊन बसले.

माझ्या गठ्ठ्यात सतरावा अंक आहे, १९८९चा. त्याच्या अडतिसाव्या पानावर मैना म्बाचा आणि इतरांचा अॅटर्नी जनरलविरुद्धचा खटला आहे. हा निकाल मी चार वेळा वाचला, कारण पहिल्या तीन वेळा मला वाटले की माझे इंग्रजी कमी पडते आहे. केनियाच्या घटनेत नागरिकांचे मूलभूत हक्क होते. ते मोडले गेले तर उच्च न्यायालयात दाद मागता येईल असे ८४वे कलमही होते. त्याच कलमात असेही म्हटले होते की ही दाद कशी मागायची याचे नियम मुख्य न्यायाधीशांनी करावेत. ते नियम कोणी केलेच नव्हते. न्यायमूर्ती डगडेल यांनी निकाल दिला की नियम नाहीत, म्हणून कलम लागू पडत नाही. संपले! हक्क आहेत, पण ते मागायचा फॉर्म छापलेला नाही, म्हणून हक्क नाहीत. आपल्याकडे रेशन दुकानावर असा अनुभव आलेला माणूस घरोघरी मिळेल, पण इथे प्रश्न माणसाच्या स्वातंत्र्याचा होता. गिब्सन कामाऊ कुरिया नावाच्या वकिलाचा पासपोर्ट सरकारने काढून घेतला, त्या खटल्यातही न्यायालयाने असाच हात वर केला होता. तोही निकाल या मासिकात आहे, पंधराव्या अंकात.

बघा, यात संपादकाने स्वतःच्या पदरचे विशेषण घालायची गरजच उरत नाही. निकाल जसाच्या तसा छापायचा. वाचणारा शहाणा असतो.

सरकारही शहाणे होते. या काळात मासिके एकापाठोपाठ एक बंद केली जात होती. चर्चच्या राष्ट्रीय परिषदेचे 'बियाँड' नावाचे मासिक होते. त्याने रांगेच्या निवडणुकीतल्या लबाड्यांवर अंक काढला आणि १९८८ साली त्यावर बंदी आली. संपादक बेडान म्बुगुआ यांना नऊ महिन्यांची शिक्षा ठोठावली, आणि गुन्हा कोणता? अंकांच्या खपाचा वार्षिक तक्ता सरकारकडे पाठवला नाही! १९८९ साली 'फायनान्शियल रिव्ह्यू' गेले. 'डेव्हलपमेंट अजेंडा' गेले. आणि बंदीची भाषा मोठी मजेशीर असे. त्या नियतकालिकाचे मागचे, आताचे आणि पुढचे सर्व अंक बेकायदा. पुढचे अंक, म्हणजे जे अजून कोणी लिहिलेसुद्धा नाहीत ते. आणि असा अंक नुसता जवळ बाळगणे हाही गुन्हा.

आता त्या कापलेल्या कोपऱ्याचा अर्थ तुमच्याही लक्षात आला असेल.

१९९० साल उजाडले ते गडबडीतच. बर्लिनची भिंत पडून दोन महिने झाले होते. नववर्षाच्या प्रवचनात रेव्हरंड टिमोथी न्जोया यांनी विचारले की पूर्व युरोपात जे झाले ते आफ्रिकेत का होऊ नये. फेब्रुवारीत परराष्ट्रमंत्री रॉबर्ट औको यांचा खून झाला. मेच्या सुरुवातीला केनेथ माटिबा आणि चार्ल्स रुबिया या दोन माजी मंत्र्यांनी पत्रकार परिषद घेऊन बहुपक्षीय लोकशाहीची मागणी केली. 'लॉ मंथली'ने एप्रिल-मेचा जोडअंक या विषयाला दिला. 'ऐतिहासिक वादविवाद' अशा अर्थाचे त्याचे शीर्षक होते.

जुलैच्या सात तारखेला कामुकुंजीच्या मैदानावर सभा ठरली. सातवा महिना, सातवी तारीख, म्हणून स्वाहिलीत 'सबा सबा', सात-सात. सभेला परवानगी नव्हती. ४ जुलैला माटिबा आणि रुबिया यांना स्थानबद्ध केले. ५ जुलैला इमान्यारांना उचलले. जॉन खामिन्वा आणि मोहम्मद इब्राहिम हे आणखी दोन वकीलही आत गेले. गिब्सन कुरिया यांनी अमेरिकेच्या वकिलातीत आश्रय घेतला. सात तारखेला लोक तरीही मैदानाकडे गेले, गोळीबार झाला, दंगली झाल्या, सरकारी आकड्यानुसारच वीसएक माणसे मेली. इमान्यारांना सुमारे तीन आठवडे कोणाला भेटू न देता ठेवले आणि महिन्याअखेरीस त्या जोडअंकासाठी राजद्रोहाचा आरोप ठेवला.

इथे मला थोडे आपल्याकडे वळू द्या, कारण धागा खरोखरच आहे. इंग्रजांनी पूर्व आफ्रिकेत राज्य बसवले तेव्हा सुरुवातीला तिथे त्यांनी आपलाच भारतीय दंडविधान लागू केला होता. १९३० साली केनियाला स्वतंत्र दंडसंहिता मिळेपर्यंत तोच चालला. म्हणजे ज्या पुस्तकातल्या १२४-अ कलमाखाली १९०८ साली टिळकांना 'केसरी'तल्या लेखांसाठी सहा वर्षे मंडालेला पाठवले, तेच पुस्तक नैरोबीच्या न्यायाधीशाच्या टेबलावरही होते. नव्या संहितेत कलमाचा आकडा बदलला, राजद्रोह राहिला. इंग्रज गेले तरी राहिला. टिळकांचा खटला मी दरवर्षी शिकवला, पण हे मात्र मला माहीत नव्हते. भूगोल आणि इतिहास वेगवेगळ्या तासांना शिकवले की असे होते.

सप्टेंबर १९९० मध्ये 'लॉ मंथली'वर बंदी आली. मागचे, आताचे, पुढचे. पण हे मासिक वकिलांचे होते, ते न्यायालयात गेले आणि ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने बंदीला स्थगिती दिली. मासिक पुन्हा निघाले. मग फेब्रुवारी १९९१च्या अंकात सरकारी महामंडळांवर अध्यक्षांच्याच जमातीची माणसे कशी भरली जात आहेत यावर संपादकीय आले, आणि म्हातारे नेते जॅरामोगी ओगिंगा ओडिंगा जो नवा पक्ष काढू पाहत होते त्याची कागदपत्रे छापली. १ मार्चला इमान्यारांना पुन्हा अटक झाली, पुन्हा राजद्रोह. तुरुंगात त्यांची प्रकृती इतकी बिघडली की रुग्णालयात हलवावे लागले. मे महिन्यात नवे अॅटर्नी जनरल आले, आरोप मागे घेतले गेले आणि ते सुटले. त्याच वर्षी जगातल्या वृत्तपत्र प्रकाशकांच्या संघटनेने त्यांना आपला 'गोल्डन पेन' पुरस्कार दिला.

मी इथपर्यंत वाचले आणि पुस्तक... म्हणजे मासिक बाजूला ठेवले. चार दिवस हात लावला नाही. कारण सांगतो.

१९७६ साल. मी नुकता नोकरीला लागून दोन वर्षे झाली होती. आणीबाणी. शाळेचे नाव सांगत नाही, कारण तिथली माणसे वाईट नव्हती. आमच्या वाचनालयाच्या टेबलावर 'साधना' येत असे. सेन्सॉरशी भांडत निघणारे ते साप्ताहिक, त्याच्या छापखान्यापर्यंत जप्तीची वेळ आली होती. एके दिवशी मला वरून सांगण्यात आले की ते अंक टेबलावरून उचला. लेखी काही नाही. मी उचलले. अगदी फाडले वगैरे नाहीत, कपाटावर मागच्या बाजूला ठेवले, आणि मनाला समजावले की आपण ते जपून ठेवले आहेत. दहावीतला एक मुलगा नियमाने ते वाचायचा. त्याने विचारले, "गुरुजी, अंक आला नाही का?" मी म्हणालो, "नाही आला." त्याने माझ्याकडे पाहिले, कपाटाकडे पाहिले आणि काही न बोलता गेला. कपाटावरून कागदाचे टोक दिसत होते, हे मला तो गेल्यावर दिसले. त्याच आठवड्यात माझा त्यांच्या वर्गावर धडा होता, लोकमान्यांवरचा अग्रलेखांचा खटला. शिकवला. चांगला शिकवला असे तेव्हा हेडमास्तर म्हणाले होते.

असो.

आता इमान्यारा राजकारणात कसे गेले ते. १९९१च्या ऑगस्टमध्ये ओडिंगा आणि इतर जुन्या नेत्यांनी 'फोर्ड' नावाची आघाडी उभी केली. तिच्या मागे तरुण वकिलांची फळी होती. पॉल मुइटे, जेम्स ओरेंगो, इमान्यारा. नोव्हेंबरअखेर पॅरिसला मदत देणाऱ्या देशांची बैठक झाली आणि त्यांनी केनियाची नवी मदत सहा महिने रोखली. ३ डिसेंबर १९९१ला मोईंनी आपल्याच पक्षाच्या अधिवेशनात जाहीर केले की २-अ कलम रद्द होणार. ज्या मागणीसाठी माणसे मेली आणि तुरुंगात गेली, ती एका दुपारी मान्य झाली.

आणि मग जे होते तेच झाले. 'फोर्ड' निवडणुकीआधीच फुटली. ओडिंगांची 'फोर्ड-केनिया', माटिबांची 'फोर्ड-असिली'. इमान्यारा फोर्ड-केनियाचे सरचिटणीस झाले. १९९२च्या डिसेंबरमध्ये मोई ३६ टक्के मतांवर निवडून आले, कारण उरलेली मते विरोधकांनी आपसांत वाटून घेतली. जनता पक्ष ज्यांनी पाहिला आहे त्यांना यात नवे काही नाही. पुढच्या वर्षी गोल्डनबर्ग प्रकरण निघाले. सोने-हिरे निर्यात केल्याचे कागदावर दाखवून सरकारी तिजोरीतून अनुदान उपसायचे, असा तो घोटाळा. त्यातले मुख्य नाव कमलेश पट्टणी, केनियातले आपलेच गुजराती बंधू. या पट्टणीकडून आपण पैसे घेतले असे खुद्द ओडिंगांनी मान्य केले. विरोधी पक्षाच्या नेत्यानेच! पक्षात उभी फूट पडली आणि मुइटे, इमान्यारा ही मंडळी बाजूला झाली.

इमान्यारांच्या चरित्राचा हा भाग मी भरभर सांगतो आहे, कारण पक्षांची नावे बदलतात आणि आपल्याला कंटाळा येतो. १९९७ साली ते मध्य इमेंटी मतदारसंघातून खासदार झाले, त्याच फोर्ड-केनियाच्या तिकिटावर. तोवर ओडिंगा वारले होते. त्याच वर्षी निवडणुकीपूर्वीच्या तडजोडीत केनियाच्या दंडसंहितेतून राजद्रोहाची कलमे काढून टाकली गेली. (आपल्याकडे २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने १२४-अ स्थगित केले आणि २०२४च्या जुलैत दंडविधानच बदलला. नव्या कायद्यात राजद्रोह हा शब्द नाही, त्याच्या जागी १५२वे कलम आहे. ते वाचून तुम्हीच ठरवा.) २००२ साली तर मजाच झाली. मोईंचा पक्ष अखेर हरला, इमान्यारांचे जुने सोबती मंत्री झाले, आणि खुद्द इमान्यारा आपली जागा गमावून बसले. २००७ साली 'चामा चा उमा' नावाच्या एका लहानशा पक्षाकडून ते पुन्हा निवडून आले.

ती २००७ची निवडणूक केनिया कधी विसरणार नाही. निकालावरून वाद झाला आणि दोन महिने जमातीजमातींत कत्तली झाल्या. अकराशेहून अधिक माणसे मेली, लाखोंना घरे सोडावी लागली. न्यायमूर्ती वाकी यांच्या आयोगाने सांगितले की यातल्या बड्या गुन्हेगारांसाठी देशात खास न्यायालय नेमा. नाही नेमलेत, तर संशयितांच्या नावांचे बंद पाकीट कोफी अन्नान यांच्याकडे आहे, ते हेगला जाईल. १२ फेब्रुवारी २००९ला सरकारने खास न्यायालयाचे विधेयक आणले. १०१ मते बाजूने, ९३ विरोधात. घटनादुरुस्तीला लागणाऱ्या दोन तृतीयांशांना ते बरेच कमी पडले. विरोधात बोलणाऱ्यांत इमान्याराही होते. त्यांचे म्हणणे, हे न्यायालय सरकारच्याच मुठीत राहील. माझे प्रामाणिक मत विचाराल तर इथे ते चुकले. अर्धी भाकरी हातची घालवली. पण ते नुसते पाडून गप्प बसले नाहीत, एवढे त्यांच्या बाजूने सांगायला हवे. त्यांनी स्वतः खाजगी विधेयक तयार केले, आधीच्यापेक्षा कडक, आणि २००९च्या नोव्हेंबरमध्ये ते सभागृहापुढे आणले.

आता केनियाच्या संसदेचा तेव्हाचा नियम ऐका. सदस्य होते दोनशेबावीस. कामकाज चालायला किमान हजर हवे असत तीस. याला म्हणतात गणपूर्ती, आपण कोरम म्हणतो तो. 'गणपूर्ती म्हणजे काय? एका वाक्यात उत्तर लिहा.' एक गुण. तेहतीस वर्षे मी हा प्रश्न काढला. लोकसभेत एकूण सदस्यांच्या एक दशांश, हे उत्तर. ढ मुलालाही हा गुण मिळत असे. मला स्वतःला तो परीक्षेत पेपर सोपा करायला घालायचा प्रश्न वाटायचा.

त्या दिवशी विधेयक चर्चेला आले आणि सभागृहात तीस माणसे नव्हती. बाहेर होती. संसदेच्या आवारात, उपाहारगृहात, कुठे कुठे. मत द्यायला येऊन 'नाही' म्हणायचीसुद्धा तसदी कोणी घेतली नाही. 'नाही' म्हटले तर नोंद होते. कोणी विरोध केला नाही, कोणी भाषण केले नाही, घंटा वाजली, मोजणी झाली, आणि अकराशे मृतांसाठीचे ते विधेयक संख्येअभावी तसेच पडून राहिले.

हा माणूस एकटा एका खोलीत बसून निकाल छापत होता, तेव्हा त्याला गप्प करायला सरकारला पोलीस लागले, तुरुंग लागला, दोनदा राजद्रोह लागला, मागच्या-पुढच्या अंकांवर बंदी लागली. तो खासदार झाला, अधिकृतपणे बोलायला उभा राहिला, तेव्हा काहीच लागले नाही. लोक फक्त उठून चहा प्यायला गेले. मी यावर बरेच दिवस विचार करतो आहे. त्यांनी राजकारणात जायला नको होते असे म्हणवत नाही. चांगली माणसे जात नाहीत म्हणून आपणच ओरडत असतो. पण मासिक त्यांच्या हातात होते तेव्हा गणपूर्ती लागत नव्हती. एक छापणारा आणि एक वाचणारा, एवढ्यावर काम भागत होते.

पाकीट त्याआधीच, जुलैमध्ये, हेगच्या वकिलांकडे गेले होते. २०१०च्या डिसेंबरमध्ये सहा नावे जाहीर झाली. त्यात उहुरू केन्याटा आणि विल्यम रुटो होते. खटले चालू असतानाच २०१३ साली केन्याटा अध्यक्ष आणि रुटो उपाध्यक्ष म्हणून निवडून आले. केन्याटांवरचे आरोप २०१४च्या डिसेंबरमध्ये मागे घेतले गेले, रुटोंचा खटला २०१६च्या एप्रिलमध्ये बंद झाला, आणि २०२२ साली रुटो स्वतः अध्यक्ष झाले. कोणालाही शिक्षा झाली नाही. २०१३ साली मध्य इमेंटीतून इमान्यारांच्या जागी दुसरे खासदार आले. मासिक त्यांनी त्याआधीच अहमदनासिर अब्दुल्लाही या दुसऱ्या वकिलाच्या हाती सोपवले होते. १९९४ साली केनियाने निकाल छापण्यासाठी सरकारी मंडळही स्थापन केले, आणि आता तिथले निकाल कोणालाही संगणकावर फुकट वाचता येतात. माझ्या नातीने मला ते उघडून दाखवले. ती पुण्याला कायदा शिकते. तिला म्हटले, ८४व्या कलमाचा तो निकाल शोध. तिने शोधला आणि म्हणाली, "आजोबा, इथे दाखला सतराव्या अंकाचाच दिलाय. अडतिसावं पान. तुमच्याकडे आहे तेच." मी उठून अंक आणला. दोघांनी ताडून पाहिले. तेच.

मागच्या आठवड्यात तो गठ्ठा बाजारातल्या बांधणीवाल्याकडे दिला. आपले जुने दिवाळी अंक तोच बांधतो. त्याने विचारले, "मास्तर, हे कोपरे कापलेत, कागद डकवून सारखे करू का?" मी म्हणालो, नको, राहू देत तसेच. मग त्याने पुठ्ठ्यावर काय घालायचे ते विचारले. मासिकाचे नाव सांगितले, 'नैरोबी लॉ मंथली', देवनागरीत. आणि त्याखाली माझे पूर्ण नाव. "पूर्ण?" तो म्हणाला. "नुसतं आडनाव बसेल मास्तर, पूर्ण नावाला जागा पुरायची नाही." अक्षरे बारीक करायला सांगितली आहेत. गुरुवारी मिळणार आहे.